मखराची जोडी

"जपून हो डॉक्टर, शिंग हाणते तो," असं दादा सांगेपर्यंत डॉक्टरांनी हिऱ्याच्या खांद्यावर अंगठा दाबलाही होता. हिऱ्यानं शिंग उगारलं नाही. त्याच्या अंगावरून एक थरथर गेली आणि त्यानं मान खाली घातली. एरवी माशी बसली तरी फुसकारणारा बैल तो. मी बांधावर उभी होते, मलाच कळ आली.

"कधीपासून जुंपलाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आज पाचवा दिस. आंधी चंपतचं डवरलं, मंग हिचं," दादा माझ्याकडे हात करून म्हणाले.

"आणि तुमचं स्वतःचं?"

"माह्यं राह्यलंच अजून."

"म्हणजे गावाचं झालं की तुमचं. वा!" डॉक्टर सुई भरता भरता म्हणाले. "हे बघा, आत पाणी धरलंय. सुई देतो, पण महिनाभर या खांद्यावर काही ठेवायचं नाही. जू नाही, गाडी नाही, काहीच नाही. ठेवलंत तर खांदा फुटेल, आणि फुटला की हा बैल पुन्हा जुंपायचा विसरा. ताई, तुम्हीही ऐकलंत ना? यांचं काही खरं नाही. उद्या कोणी मागितला की देऊन टाकतील."

"ऐकलं," मी म्हटलं. "मी देऊ देते का! आडवी पडते बैलाच्या समोर."

दादा हसले. पोळ्याला तेव्हा आठ दिवस राहिले होते.

दादा म्हणजे शालिकराम गावंडे, माझे थोरले दीर. आमच्या वऱ्हाडात थोरल्या दिराला भासरे म्हणतात आणि भासऱ्यासमोर धाकट्या भावाची बायको तोंड उघडत नाही. पदर कपाळाच्या खाली, नजर पायाकडे, आणि काही सांगायचं झालंच तर तिसऱ्या माणसाच्या तोंडून. लग्न होऊन धामणखेडला आले तेव्हा मीही तेच केलं. पाच वर्षं एका चुलीवरचं जेवून आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. मग माझे मालक, दिगांबर, विहिरीवर मोटारीचा शॉक लागून गेले. मुलगी दोन वर्षांची होती. तेरवी उरकल्यावर दादा अंगणात येऊन उभे राहिले. जाऊबाईंना मध्ये घेतलं नाही, थेट मलाच म्हणाले, "यमुना, तुह्या वावरात काय पेराचं, कवा डवराचं, हे म्या का भिताडाले इचारू? आजपासून बोलत जाय. लोकाइपुढं रीत पाळू. वावरात नाई."

तेव्हापासून वावरात आम्ही बोलत होतो. बोलत होतो कसलं, भांडत होतो. तूर किती ओळींनंतर टाकायची यावरून एकदा मी त्यांच्याशी दिवसभर वाद घातला आणि जिंकले. गावाच्या शिवेत पाय पडला की मात्र मी पदर ओढायची आणि ते मान वळवायचे. गावाला वाटायचं, काय घर आहे! आम्हाला आतून हसू यायचं.

माझ्या चार एकरांत पहिला डवरा, म्हणजे पिकातली कोळपणी, दादांचाच. त्यानंतर ज्याचा बैल मेला त्याच्याकडे, ज्याचा नवरा अंथरुणाला खिळला तिच्याकडे, आणि सगळ्यांत शेवटी स्वतःकडे. त्यांच्या तोंडून 'नाही' निघायचंच नाही. जाऊबाई, अनसूया त्यांचं नाव, कपाळाला हात लावून म्हणायच्या, "आमचे बैल गावाचे, अन् शेन तेवढं आमचं."

पण बैल कसे होते! हिऱ्या आणि माणक्या, पांढरेशुभ्र, एका मापाचे, जसे एका गाईचे. पंचक्रोशीत तशी जोडी नव्हती. आणि हीच जोडी दरवर्षी पोळ्याला बळवंतराव पाटलांच्या नावानं मिरवायची. हे सांगताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

आमच्या गावी पोळ्याला मखराची जोडी तोरणाखालून आधी निघते, तिच्या मागे बाकीच्या. मखर म्हणजे लाकडी चौकट. जुवाच्या जागी दोन्ही बैलांच्या खांद्यावर ती बसवायची. तिच्यावर आरसे, बेगड, कागदाची फुलं, वरती निशाण. दोन माणसं लागायची उचलायला. मान पाटलांचा, चार पिढ्यांचा. पण पाटलांकडे बैल होते कुठे? सात वर्षांपूर्वी सगळे बैल बाजारात उभे करून त्यांनी ट्रॅक्टर घेतला होता. बैल विकले, मान मात्र विकला नाही. ट्रॅक्टरला खांदा नसतो, म्हणून आमची जोडी लागायची.

दादांनी पोसायची, दादांनी नदीवर नेऊन घासायची, शिंगं रंगवायची, आणि तोरणापाशी लाऊडस्पीकरवरून पुकारा व्हायचा, "पाटील साहेबाईची मानाची जोडी!" तोरण तुटलं की जोडी आधी पाटलांच्या बंगल्यावर. पाटलीणबाई ओवाळणार, पुरणाची पोळी भरवणार, आणि बळवंतराव दादांच्या हातात नारळ-उपरणं ठेवणार, बोजारा म्हणून. बोजारा म्हणजे बैल राखणाऱ्या गड्याला मालकानं द्यायचं बक्षीस. ज्याचे बैल त्यालाच गडी करून टाकलं, आणि गाव टाळ्या वाजवत होतं.

मी एकदा वावरात दादांना म्हटलंही, "तुम्हाले लाज नाई वाटत?"

"कायची लाज?" दादा तंबाखू मळत म्हणाले. "गावाचं तोरण तोडाले एक जोडी लागते. माह्यापाशी हाय, देतो. बैलाले काय मालूम कोनाच्या नावानं चाललो त?"

"बैलाले नाई मालूम, मले हाय न!"

"तुले लय मालूम असते," म्हणून ते उठून गेले. असा माणूस. त्याच्यावर रागवायचं तरी किती!

मी दहावी पास होते. त्या साली गावच्या अंगणवाडीत सेविकेची जागा निघाली. मला ती हवी होती, अगदी जिवापाड हवी होती. दादांच्या जिवावर किती दिवस काढायचे? माझं वावर डवरता डवरता त्यांचं राहून जायचं, ते मला दिसत नव्हतं का? नोकरी लागली असती तर मी मजूर लावले असते आणि त्यांचा खांदा मोकळा केला असता. अर्ज दिला. पण ग्रामपंचायतीचा ठराव असल्याशिवाय नाव पुढे जात नव्हतं, आणि पंचायतीचा ठराव कुठे व्हायचा तर बळवंतरावांच्या ओसरीवर. पोळ्याच्या तीन दिवस आधी मी तिथे जाऊन उभी राहिले.

बळवंतराव झोपाळ्यावर होते. गोड बोलणारा माणूस. "ठरावाचं काय मोठं?" ते म्हणाले. "पोळा झाला का तिसऱ्या दिवशी सभा हाय. तुहं नाव घेऊन टाकू. अन् हे पाय, तुह्या जावेच्या हातून निरोप देजो शालिकले. यंदा पेपरवाला येनार हाय फोटो काढाले. पंचायत समितीले उभा राहून राह्यलो मी. जोडी कशी चकाचक पाह्यजे."

मी "हो" म्हणून आले. हिऱ्याच्या खांद्याचं तोंडातून काढलं नाही. मनात म्हटलं, दादा सांगतीलच की. घरी येऊन जाऊबाईंना सगळं सांगितलं, ठरावाचं आणि फोटोचं. जाऊबाई भाकर थापत होत्या. "ह्याइच्या कानावर घालतो," एवढंच म्हणाल्या.

दादा त्याच संध्याकाळी पाटलांकडे जाऊन आले. हिऱ्याला मखर जमणार नाही, दुसरी कोणाची जोडी घ्या, असं सांगून आले. पाटील म्हणाले, "पाहू."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपा-हळदीनं मळायचे आणि त्यांना जेवणाचं आवतण द्यायचं. मी आणि जाऊबाईंनी मिळून मळले. हिऱ्याचा खांदा अर्ध्या नारळाएवढा वर आला होता. मी बोटाच्या टोकानं तूप लावलं, तरी त्यानं कातडी आक्रसली.

पोळ्याच्या दिवशी ऊन तापलं होतं. मारुतीच्या देवळासमोर तोरण बांधलं होतं आणि चाळीसेक जोड्या रांगेत उभ्या होत्या. आम्ही बायका देवळाच्या ओट्यावर होतो. दादा दोन्ही बैल घेऊन आले होते, पण रांगेच्या शेवटी उभे राहिले. हिऱ्याच्या पाठीवर नुसती झूल, ती पण खांदा सोडून. तोरणाखाली बळवंतराव पांढऱ्या कपड्यांत, बाजूला पेपरवाला, आणि मखर जमिनीवर तयार ठेवलेलं.

"शालिक, पुढं ये," लाऊडस्पीकरवरूनच हाक आली.

दादा बैल तिथेच चंपतच्या हाती देऊन एकटेच पुढे गेले. "मालक, त्या दिवशी सांगतलं न. याचा खांदा आला हाय. मखर नाई जमत. चाळीस जोड्या हायेत, कोनाची बी घ्या."

बळवंतरावांनी रांगेवरून नजर फिरवली. कोणी म्हणालं नाही की माझी घ्या. जो तो आपापल्या बैलाच्या शिंगाचा रंग बघत होता. मखर म्हटलं की बैल बुजतो, पायाला लागतं, हे सगळ्यांना माहीत होतं. सात वर्षं ते फक्त शालिकरामच्या बैलांना लागत नव्हतं म्हणायचं!

"खांदा त साऱ्याइच्याच बैलाचा येते राजा," बळवंतराव हसत म्हणाले. "डवरनी झाली हाय. म्हनून त काल तूप लावलं." लोक हसले.

"तसं नाई मालक. डॉक्टरनं सांगतलं, काही ठेवलं त फुटन."

"कोन्या डॉक्टरनं? परवा माह्याच ओसरीवर चहा पेला त्यानं. मले त काही बोलला नाई." डॉक्टर सणाला आपल्या गावी गेले होते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग ते आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सरळ सांग न शालिक. सात वर्षं जोडी देल्ली, आता मन फिरलं. तुले सोताच्या नावानं मिरवाची हाय. तसं सांग, आमी बाजूले होतो. खोटं काहून बोलतं?"

दादांचा चेहरा उतरला. त्या माणसाला तुम्ही चोर म्हटलं असतं तर तो हसला असता. खोटारडा कोणी म्हटलं नव्हतं त्याला, उभ्या जन्मात.

मी वाट बघत होते की आता कोणीतरी बोलेल. ज्यांच्या घरात त्या बैलांच्या खांद्यावरून दाणा गेला त्यांतला कोणीतरी. बोलला, चंपत बोलला. हिऱ्याची वेसण त्याच्याच हातात होती. "जाऊ दे न दादा," तो तिथूनच ओरडला. "एका घंट्यानं काय होते? लोक उपाशी उभे हायेत. कायले पोळा अडवतं?"

दहा-बारा दिवसांपूर्वी ज्याच्या वावरात त्या बैलाचा खांदा यायला सुरुवात झाली तो हा चंपत! त्याच्या मागून मग सगळेच. "अडवू नको बाप्पा." "वरसाचा सन हाय." "पाटलाचा मान हाय, तुहं काय जाते?" असं वाटलं, ओट्यावरून उडी मारावी आणि एकेकाच्या वावराचा पत्ता त्याच्या तोंडावर फेकावा. नमकहराम लेकाचे!

दादांनी रांगेकडे पाहिलं. मग पाटलांकडे. "म्या आजलोक खोटं बोललो नाई," ते म्हणाले. "माह्यावर भरोसा नसन त यमुनेले इचारा. तिच्याच वावरात डॉक्टरनं सुई देल्ली. तिच्यापुढं बोलला तो."

सगळं गाव माझ्याकडे वळलं. चाळीस जोड्यांचे मालक, ओट्यावरच्या बायका, पेपरवालासुद्धा. दादांनी चारचौघांत माझं नाव घेण्याची ती पहिलीच वेळ.

बळवंतरावही वळले. रागावले नव्हते ते. उलट आवाज आणखी मऊ करून म्हणाले, "सांग वं बाई. तू शिकेल-सवरेल हायेस. उद्या गावाचे लेकरं तुह्या हाताखाली येनार हायेत. सांग, काय बोलला डॉक्टर?"

डॉक्टरांचं बोलणं मला शब्दन् शब्द पाठ होतं. आत पाणी धरलंय. महिनाभर काही ठेवायचं नाही. फुटला की जुंपायचा विसरा. सगळं जिभेवर येऊन थांबलं होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं. जाऊबाई शेजारीच होत्या, त्यांनी कोपरानं ढोसलं, "बोल न वं, बोल."

मी हात वर नेला आणि पदर कपाळावरून नाकापर्यंत ओढून घेतला.

पदराच्या आतून मला फक्त माझे पाय दिसत होते. बैलांच्या घागरमाळा वाजत होत्या. एकदाच मी पदराच्या कडेतून पाहिलं. दादा सरळ माझ्याकडे बघत होते. वावरात बघायचे तसे. मग त्यांनी मान खाली घातली.

"राहू द्या मालक," ते म्हणाले. "ती नाई बोलनार. भासऱ्यापुढं बोलाची रीत नाई आमच्या घरी. माह्यंच चुकलं, बाईमानसाले चार लोकाइत उभं केलं." मग म्हणाले, "आना मखर."

बैलांपाशी परत जाऊन त्यांनी स्वतःच्या खांद्यावरचं उपरणं काढलं, चार घड्या केल्या आणि हिऱ्याच्या खांद्यावर ठेवलं. त्याच्यावर दोन गड्यांनी मखर बसवलं. हिऱ्या एकदा मागे सरकला. दादांनी त्याच्या कपाळाला कपाळ लावलं, काहीतरी पुटपुटले, आणि तो चालू लागला. त्यांच्या शब्दावर तो विहिरीतही गेला असता.

तोरणापर्यंत तो गेला. "पाटील साहेबाईची मानाची जोडी!" असा पुकारा झाला, ताशे कडाडले, फटाक्यांची माळ लावली. माणक्या दचकून एका बाजूला ओढला गेला आणि मखराचा सगळा भार हिऱ्यावर आला. तो गुडघ्यांवर बसला. ओरडला नाही. उपरण्याच्या घड्यांतून आधी पिवळं पाणी आलं, मग रक्त, ते पांढऱ्या अंगावरून खाली ओघळलं. पेपरवाल्याचा फोटो त्याआधीच काढून झाला होता.

"काढा, काढा मखर, तोरन तुटलं," बळवंतराव म्हणाले. दादा हिऱ्याची मान कवेत धरून बसले होते. हात रिकामे नव्हते, म्हणून पाटलांनी नारळ आणि नवं उपरणं त्यांच्या गुडघ्यापाशी मातीत ठेवलं आणि पुढे गेले. मागून चाळीस जोड्या गेल्या. वाट अरुंद होती. त्यामुळे प्रत्येक जोडी हिऱ्याला वळसा घालून गेली, एवढी तसदी लोकांनी घेतली.

दिवस मावळायच्या आत बायका माझ्याकडे आल्या. वाटलं, आता थुंकतील तोंडावर. थुंकल्या असत्या तर बरं झालं असतं. "काय मर्यादेची बाई हायेस वं यमुना," एक म्हणाली. "भासऱ्यानं नाव घेतलं, साऱ्या गावानं इचारलं, पन तोंड नाई उघडलं." दुसरी आपल्या सुनेला म्हणाली, "पाय, शिक जरा." मी त्यांना चहा केला. होय, चहा केला मी.

गोठ्यात हळद आणि कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी घेऊन जाऊबाई जात-येत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेले. दादा हिऱ्याच्या खांद्यावरच्या माश्या हाकत बसले होते. पदर मी मुद्दाम खांद्यावर ठेवला होता. "दादा," मी म्हटलं, "मले बोला. शिव्या द्या. काहीबी बोला."

त्यांनी मान वर केली नाही. जाऊबाई बादली घेऊन दारात आल्या, तेव्हा त्यांच्याकडे बघून म्हणाले, "तिले सांग, उद्या ठराव हाय. सकायीच जाजो. दाखला सोबत नेजो."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. तोरणाखाली माझ्याकडे बघत होते तेव्हाही ठाऊक होतं.

ठराव एकमतानं झाला. "अंगनवाडीवर अशीच घरंदाज बाई पाह्यजे," असं बळवंतराव सभेत बोलले म्हणे. फोटोही छापून आला. त्यात हिऱ्या उभा आहे, वर आरसे चमकताहेत, आणि त्याच्या बाजूला बळवंतराव हसताहेत. दादा फोटोत नाहीत. पंचायत समितीला बळवंतराव निवडूनही आले.

हिऱ्या पुन्हा जुंपला गेला नाही. व्यापारी दोनदा दारात आला, दादांनी त्याला आत येऊ दिलं नाही. माणक्याला जोड मिळेना. मग दुसऱ्यांची जोडी मागून आणायची वेळ दादांवर आली आणि गावात एकाएकी सगळ्यांचे बैल कामात असायचे. चंपतचे तर रोजच. तरी मृगाच्या तोंडावर दादांनी कुठून तरी जोडी आणली आणि ती आधी माझ्या वावरात घातली. मी शेताला मजूर लावायचं म्हटलं होतं ना? पहिल्या पगाराचे मजूर मी बोलावले, त्यांना दादांनी परत पाठवलं. निरोप जाऊबाईंच्या तोंडून आला.

आता सगळंच जाऊबाईंच्या तोंडून यायचं. वावरातसुद्धा. चार एकरांत आम्ही दोघंच, वर आभाळ, आणि दादा माझ्याशी बोलत नव्हते. मी विचारायची, "दादा, तूर कितवी ओळ?" ते बैलाला म्हणायचे, "चल रे, सहावी." मी मुद्दाम चुकीचं बी ओटीत घ्यायची, म्हणजे निदान ओरडतील. ते येऊन बी बदलून ठेवायचे. मी रडून पाहिलं, भांडून पाहिलं. मला वाटलं, राग आहे, उतरेल. एक वर्ष गेलं, दोन गेली, पाच गेली.

शेवटी जाऊबाईंनाच मी एका दुपारी धरलं. "मानसानं मारून टाकावं, पन असं करू नाई. किती दिवस राग धराचा?"

जाऊबाई सुपातली ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "राग नाई वं तो," त्या म्हणाल्या. "राग असता त तुहं वावर डवरलं असतं का? चार लोकाइत तोंडातून गेलं न त्याइच्या, भासऱ्यापुढं बोलाची रीत नाई म्हनून. खोटं होतं ते. तुह्यासाठी बोलले. जलमात एक खोटं बोलले, आता ते खरं करून राह्यले."

मग मात्र मला त्यांचा संताप आला. पाटलाचा आला नव्हता एवढा, चंपतचा आला नव्हता एवढा. असलं कसलं खरेपण? कोणी मागितलं होतं? त्या गावानं ज्याला भर सणात खोटारडा ठरवलं, त्याच गावासमोर खोटं ठरू नये म्हणून हा माणूस वावरात एकटा असतानाही तोंड मिटून चालत होता. आणि गाव, ते गाव काय म्हणत होतं? म्हणत होतं, गावंड्यांच्या घरची मर्यादा पाहा.

त्या पोळ्यानंतर अकरावं वर्ष उजाडलं. त्या साली दादा अंथरुणावर पडले ते उठले नाहीत. माझी चूल एव्हाना वेगळी झाली होती, तरी अंगणवाडी सुटली की मी रोज जाऊन बसायची. एक दिवस दुपारी जाऊबाई दळण आणायला गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच. दादांचे ओठ कोरडे पडले होते. ते दाराकडे बघत होते, जाऊबाई कधी येतात म्हणून. तांब्या माझ्या हाताशी होता.

"पानी पाह्यजे का दादा?" मी विचारलं.

ते दाराकडेच बघत राहिले.

"पानी म्हना फक्त. एक शब्द."

दादांनी डोळे मिटले. आणि माझा बांध फुटला. "इथी कोनी नाई दादा!" मी ओरडले. "कोनी आयकत नाई! डॉक्टर बोलला होता, माह्यापुढं बोलला होता, खांदा फुटन म्हनून! म्या आयकलं होतं! तुमी खोटं नाई बोलले, म्या बोलली नाई!" मी ओरडतच राहिले. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, रस्त्यानं जाणारी दोन माणसं थांबली, त्यांत चंपतही होता. "काय झालं वं?" म्हणून सगळे आत डोकावत होते. कशाबद्दल ओरडते आहे हे त्यांतल्या एकालाही समजलं नाही. कोणाला आठवतच नव्हतं.

जाऊबाई दळणाचा डबा डोक्यावर घेऊन गर्दीतून आत आल्या. मी त्यांच्या हाती तांब्या दिला. त्यांनी दादांची मान उचलून दोन घोट पाजले.

दादांनी जाऊबाईंकडे पाहिलं. आवाज अगदी खोल गेला होता.

"तिले सांग," ते म्हणाले, "घरी जाय म्हनावं. पोरगी वाट पाहत असंन."

दारात सगळे उभे होते. मी पदर घेतला आणि घरी गेले.